प्रवाळ टाकीतील पांढरे ठिपके

समुद्री माशांच्या अंगावर, परांवर आणि कल्ल्यांत रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके उठतात, तो रोग 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' या एकपेशीय परजीवीमुळे होतो. टाक्या सांभाळणारे त्याला 'मरीन इक' किंवा नुसते 'व्हाइट स्पॉट' म्हणतात. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात त्याचे वर्णन केले आणि १९५१ मध्ये ब्राऊन यांनी त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. गोड्या पाण्यातल्या माशांना होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसायला हुबेहूब असाच, पण त्याचा जीव निराळा. दोघांची राहणी सारखी असली तरी कूळ एक नाही, आणि उपायही एक नाही.

जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात समुद्री टाकी मांडणाऱ्याचा हात आधी गोड्या पाण्यावर बसलेला असतो. ठिपके दिसले की हीटर ३० अंशांवर न्यायचा आणि पाण्यात मूठभर मीठ सोडायचे, ही तिथली सवय. समुद्री टाकीत मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असतेच. ३० अंशांना हा परजीवी मरत नाही, उलट कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कल्ले पोखरले गेलेला मासा अधिकच गुदमरतो. जुन्या सवयीने केलेली ही पहिली घाई बरेचदा रोगाआधी माशाचा जीव घेते.

रोगावर काय चालते आणि काय नाही, हे सगळे परजीवीच्या जीवनचक्रात आहे. माशाच्या त्वचेखाली तो तीन ते सात दिवस राहतो, पेशी खातो आणि वाढतो. बाहेरून दिसणारा ठिपका म्हणजे त्याच्याभोवती सुजलेली त्वचा. पोट भरले की तो मासा सोडतो, बहुधा अंधारात, आणि काही तास तळाशी सरपटून वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो. तिथे तो स्वतःभोवती कठीण कवच बांधतो. कवचात त्याचे विभाजन होत राहते आणि एकाचे दोनशेपर्यंत होतात. कवच फुटायला एरवी आठवडाभर लागतो, पण सगळी कवचे एकाच वेळी फुटत नाहीत. काही तिसऱ्या दिवशी फुटतात, तर एखादे ७२ दिवसांपर्यंत बंद राहू शकते. फुटल्यावर सुटलेली पिल्ले पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि त्यांची शिरण्याची ताकद त्याच्याही बरीच आधी ओसरते. ही पिल्ले बहुतेक पहाटेच्या अंधारात बाहेर पडतात. तेव्हा मासे दगडांच्या कपारीत, तळालगत निजलेले असतात आणि परजीवीला फार लांब जावे लागत नाही.

या चार अवस्थांपैकी औषध फक्त पोहणाऱ्या अवस्थेला लागू पडते. त्वचेखालच्याला माशाची कातडी राखते, तळाशी असलेल्याला कवच राखते. शिरोळ तालुक्यातल्या ऊस उत्पादकाला हे गणित ओळखीचे आहे. हुमणीची अळी जमिनीत मुळांशी असते, तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाभळी-कडुनिंबावर जमणारे भुंगे गोळा करायचे असतात. कीड ज्या अवस्थेत उघड्यावर येते, त्या अवस्थेची वाट पाहायची. टाकीतल्या परजीवीची उघड्यावरची अवस्था दिसत मात्र नाही. म्हणून तिथे डोळ्यांपेक्षा तारखांवर काम करावे लागते.

ठिपके उठतात ते आठवडाभरात नाहीसे होतात. कोणतेही औषध न देताही होतात, कारण परजीवी मासा सोडून तळाशी गेलेला असतो. माणूस याच क्षणी फसतो. मासा पुन्हा खाऊ लागतो, रंग उजळतो, घरात सगळ्यांना बरे वाटते. त्या आठवड्यात जे काही टाकले असेल, मग तो ठेचलेला लसूण असो की दुकानातून आणलेली एखादी बाटली, त्यालाच गुण आला असे वाटते. टाकीच्या तळाशी मात्र कवचांत मोजणी सुरू असते.

जयसिंगपुरातील एका घरात, ३०० लिटरच्या टाकीत, हा रोग पावडर ब्लू टँगबरोबर आला. हिंद महासागरातला हा निळा, पिवळ्या पाठपराचा मासा दिसायला जितका देखणा, तितकाच या रोगाला बळी पडणारा. टाकीत आधीपासून दोन क्लाऊनफिश, एक गोबी आणि मऊ प्रवाळ होते: चामडी प्रवाळ, झोआ, मशरूम. कठीण प्रवाळ नव्हते, आणि ते योग्यच. भारतीय समुद्रातील सर्व कठीण प्रवाळ जुलै २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा घरच्या टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे.

टँग रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्मोकोलच्या खोक्यातून आला आणि त्याच सकाळी टाकीत सोडला गेला. क्वारंटाइनसाठी वेगळी टाकी नव्हती. सहाव्या दिवशी त्याच्या परांवर पाच-सहा ठिपके दिसले. नवव्या दिवशी अंग स्वच्छ. चौदाव्या दिवशी सकाळी दिवे लागले तेव्हा चारही मासे ठिपक्यांनी भरलेले होते. टँग पॉवरहेड पंपाच्या झोतासमोर तोंड करून धापा टाकत होता, क्लाऊनफिशने खाणे सोडले होते. हा क्रम पाठ्यपुस्तकात असतो तसाच घडला. पाठ्यपुस्तक वाचलेले असते तर सहाव्या दिवशीच कामाला लागता आले असते.

रोगाची ओळख पटवायला आधी वेळ द्यावा लागतो, कारण ठिपके किंवा चिकटा दिसणारे इतर रोगही आहेत आणि त्यांची गती वेगळी असते. मखमली रोगाचा परजीवी 'अमायलोओडिनियम' हा शैवालांच्या कुळाजवळचा. त्याचे ठिपके पिठीसाखर भुरभुरल्यासारखे बारीक, तिरक्या उजेडातच दिसणारे. तो आधी कल्ल्यांवर बसतो. त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आत मासा उजेड टाळू लागतो, झोतात उभा राहतो, आणि एक-दोन दिवसांत, कधी त्याआधीही, मरतो. 'ब्रुकलिनेला' विशेषतः समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाऊनफिशवर येतो. अंगावर पांढुरका चिकट थर येऊन त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावर तांबे चालत नाही, फॉर्मॅलिन लागते. चपट्या कृमींची ओळख सर्वांत सोपी: माशाला पाच मिनिटे गोड्या पाण्यात धरले की कृमी पांढरे होऊन बादलीच्या तळाशी पडतात. त्या पाण्याचे तापमान टाकीएवढे हवे, आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून सामूही जुळवून घ्यावा लागतो. अशा बुडवणीने क्रिप्टोकॅरिऑन जात नाही, कारण तो कातडीच्या आत असतो.

शंका राहिली तर सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. कल्ल्याचा किंवा त्वचेचा हलका खरवडा काचपट्टीवर घेऊन शंभरपट मोठा करून पाहिला, की अंगभर केसांसारखे तंतू असलेला, संथ गोल फिरणारा गडद गोळा दिसतो. गावात गाई-म्हशींचा डॉक्टर सहज मिळतो, माशांचा नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक मात्र विनंती केली तर उघडतो, आणि प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना असा जिवंत नमुना बघायला आवडतोही.

प्रवाळ टाकीत औषध टाकता येत नाही, ही या रोगाची खरी अडचण. या परजीवीवरचे सर्वांत भरवशाचे औषध तांबे, आणि तांब्याने प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी, खेकडे सगळे मरतात. पाण्याची क्षारता उतरवली तरी तेच. म्हणून मासे बाहेर काढून दुसरीकडे उपचार करायचे आणि मूळ टाकी माशांविना ठेवायची, एवढा एकच मार्ग उरतो. वाचायला हे सोपे आहे. जयसिंगपूरच्या त्या ३०० लिटरच्या टाकीतून चार मासे काढण्यात अख्खा दिवस गेला. जाळी पाण्यात शिरली की टँग दगडांमागे जातो आणि तिथेच पाते उघडून अडकून बसतो. शेपटीच्या मुळाशी असलेले हे पाते बोट कापते. शेवटी अर्धे पाणी टबात काढून, प्रवाळ चिकटलेले दगड एकेक करून उचलावे लागले. गोबी वाळूत शिरला, तो रात्री दिवे बंद केल्यावर टॉर्चच्या उजेडात सापडला. कोपरापर्यंत मीठ सुकून कातडी ताणलेली आणि फरशीभर पांढरे डाग. या कामाला दोन माणसे लागतात, आणि दुसऱ्याला धीर असावा लागतो.

उपचाराच्या टाकीत वाळू आणि दगड नसतात. पीव्हीसी पाइपचे एल्बो माशांना लपायला, एक स्पंज फिल्टर, हीटर, एअर पंप, बास. वाळू का नको, हे समजून घ्यायला द्राक्षबागेत जावे. मिरज-तासगाव भागात फवारणीचे बोर्डो मिश्रण बनवताना मोरचुदात चुना घालतात. चुन्यामुळे तांबे पाण्यातून वेगळे होऊन पानावर चिकटून राहते. प्रवाळाची वाळू आणि दगडही चुनखडीचेच. ते पाण्यातले तांबे धरून ठेवतात, त्यामुळे औषधाची मात्रा कळेनाशी होते आणि धरलेले तांबे पुढे सुटण्याची धास्ती राहते.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि ते गावातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते. नेमके तेच संकट आहे. एक टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद लागते. माशांच्या उपचाराला मुक्त तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम, म्हणजे १०० लिटरला फार तर ८० मिलीग्रॅम मोरचूद. फवारणीच्या मात्रेचा साधारण साडेबारा हजारावा भाग. घरातल्या कोणत्याही तराजूवर हे मोजता येत नाही, आणि शेतीच्या मोरचुदाची शुद्धताही त्यासाठी ठरवलेली नसते. माशांसाठी बनवलेले औषध आणि त्याचाच टेस्ट किट, दोन्ही हवेत. बांधलेल्या स्वरूपातील तांब्याची मात्रा मुक्त तांब्याच्या दहापटीहून अधिक असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याला लावली तर एकीकडे मासा मरतो नाहीतर दुसरीकडे रोग वाचतो. मात्रा दोन दिवसांत हळूहळू चढवायची आणि मग तीन ते चार आठवडे त्याच पट्ट्यात ठेवायची. एक दिवस ती खाली घसरली तर त्या दिवशी सुटलेली पिल्ले माशात शिरतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन चाचण्या कराव्या लागतात, तांब्याची आणि अमोनियाची. नव्या टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून रोज थोडे पाणी बदलायचे आणि बदललेल्या पाण्यात तांबे मोजून पुन्हा घालायचे. तांबे घातल्यावर अमोनिया बांधणारी रसायने वापरू नयेत आणि फिल्टरमध्ये कोळसा ठेवू नये, तो तांबे शोषून घेतो.

ज्याला तांब्याची भीती वाटते, त्याला आणखी दोन वाटा आहेत. एक टब बदलण्याची. इस्रायलमधील आयलात येथे कोलोर्नी यांनी १९८०च्या दशकात या परजीवीवर काम केले, त्यातून ही पद्धत पुढे आली. दर तिसऱ्या दिवशी मासे पूर्ण कोरड्या, स्वच्छ टबात नव्या पाण्यात हलवायचे, असे चारदा. माशावरून उतरलेला परजीवी जुन्या टबाच्या तळाशी राहतो आणि त्याचे कवच फुटायच्या आत मासे निघून गेलेले असतात. यात औषध लागत नाही, मीठ मात्र भरपूर लागते. ६० लिटरच्या टबाला दर वेळी दोन किलोहून जास्त, आणि तेही समुद्री टाकीसाठी बनवलेले. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मखमली रोगावर आणि कृमींवर या पद्धतीचा भरवसा धरता येत नाही.

दुसरी वाट पाण्याची क्षारता उतरवण्याची. हाडांच्या माशांचे रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा बरेच कमी खारट, जवळपास एक-तृतीयांश असते, त्यामुळे विशिष्ट घनता १.०२५ वरून १.००९ वर आणली तरी ते सोसतात. परजीवीला ते सहसा सोसत नाही. मोजमाप मात्र काटेकोर हवे. इथे जयसिंगपूरला एक सोय आहे: हातात धरून उजेडाकडे बघायचा रिफ्रॅक्टोमीटर या भागात नवा नाही, ऊस पिकला का आणि द्राक्षात साखर भरली का, हे ब्रिक्समीटरवर बघितलेच जाते. तत्त्व तेच, पट्टी वेगळी. खारेपणाचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा, नुसत्या शुद्ध पाण्यावर नाही.

पाण्याबाबत इथली एक समजूत वारंवार भेटते. शिरोळ तालुक्यात अतिपाण्याने आणि निचरा नसल्याने हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली आहे, विहिरींचे पाणी मचूळ लागते. मग मचूळ पाण्यात थोडे मीठ वाढवले की समुद्राचे पाणी होईल, असे वाटते. क्षारपड पाण्यातले क्षार वेगळे, त्यांचे आपसातले प्रमाण वेगळे, आणि ऊसशेतीच्या खतांचे नायट्रेट त्यात उतरलेले. प्रवाळ अशा पाण्यात टिकत नाहीत आणि आजारी मासे तर मुळीच नाही. आरओ करून, टीडीएस शून्याजवळ आणलेल्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवणे हाच पाया आहे. उपचाराच्या महिन्यात हे पाणी रोज लागते, म्हणून ड्रम भरलेला हवा. पावसाळ्याआधी औषध, मीठ आणि टेस्ट किट भरून ठेवायचे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीचे रस्ते कित्येक दिवस बंद होते, तेव्हा कुरिअर कुठून येणार? वीजही अशाच दिवसांत जाते, आणि उपचाराच्या टाकीत हवा बंद पडली तर कल्ले सुजलेला मासा तासाभरातही जाऊ शकतो. बॅटरीवरचा एअर पंप स्वस्त असतो, तो आधी घ्यावा.

आता मूळ टाकी. शेतकरी जमीन पड टाकतो, तशी ती पड टाकायची. मासे नाहीत म्हणजे परजीवीला यजमान नाही. सर्वांत उशिरा फुटणाऱ्या कवचाचा हिशेब धरून, वर चार दिवस घालून, ७६ दिवसांची मुदत पाळतात. उबदार पाण्यात त्याआधीही चक्र संपते, पण ज्याने एकदा दगड उपसून मासे पकडले आहेत तो चार आठवडे वाचवायला जात नाही. या अडीच महिन्यांत टाकी मेलेली नसते. प्रवाळांना उजेड, प्रवाह आणि खाणे लागते, जिवाणूंनाही. म्हणून चिमूटभर खाद्य रोज टाकायचे, नाहीतर मासे परत येतील तेव्हा अमोनिया पचवणारे कोणी उरत नाही. माशांविना टाकीत एरवी न दिसणारे बारके जीव दगडांवर फिरू लागतात, झोआ अधिक फुलतात. घरी येणारा प्रत्येक जण मासे कुठे गेले म्हणून विचारतो.

मुदत मोडते ती बहुधा बाहेरून आलेल्या वस्तूने. दुसऱ्याच्या टाकीतली गोगलगाय, दगडावर चिकटलेला झोआ, उपचाराच्या टाकीत बुडवलेली जाळी, ओला हात. कवच कशालाही चिकटून येते. म्हणून दोन्ही टाक्यांची जाळी, नळी, बादली वेगळी, शक्य तर खोलीही वेगळी, आणि काम करताना आधी प्रवाळ टाकी, मग आजारी माशांची, उलट कधीच नाही. नवा प्रवाळ आणलाच तर त्यालाही मासे नसलेल्या टाकीत तितकेच दिवस काढावे लागतात.

प्रवाळांचे स्वतःचे परजीवीही याच मार्गाने शिरतात. कठीण प्रवाळांवर जगणारे चपटे कृमी, माँटिपोरा प्रवाळ खाणारी पांढरी समुद्री गोगलगाय, ॲक्रोपोरा प्रवाळावरचे ठिपक्याएवढे कवचधारी जीव. नवा तुकडा आयोडीनच्या पाण्यात बुडवून हलवला की कृमी सुटतात, अंडी मात्र तशीच राहतात. म्हणून ती बुडवणी आठवड्याच्या अंतराने पुन्हा करावी लागते. मऊ प्रवाळांच्या टाकीत हा त्रास कमी.

मासे न काढता रोग घालवण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांपैकी अतिनील दिवा पाण्यातून वाहणारी पिल्ले मारतो, पण पहाटे तळाशी फुटून शेजारच्या निजलेल्या माशात शिरणारी पिल्ले त्या दिव्यापर्यंत पोचतच नाहीत. क्लीनर कोळंबी माशाचे अंग साफ करते, कातडीच्या आतले काढत नाही. लसणाने आजारी मासा कधी तोंड उघडतो, आणि खाणारा मासा टिकतो, तेवढाच त्याचा उपयोग. रोगातून वाचलेल्या माशांत काही महिने प्रतिकारशक्ती येते, त्यामुळे अंग स्वच्छ दिसते आणि परजीवी कल्ल्यांत थोडाथोडा टिकून राहतो. अशी टाकी वर्षभर निरोगी भासते. मग एखाद्या उन्हाळ्यात चिलर बंद पडतो किंवा नवा मासा येतो, आणि सगळे पुन्हा सुरू होते.

जयसिंगपूरच्या त्या टाकीतले तीन मासे वाचले. टँग चौथ्या दिवशी गेला. क्लाऊनफिश आणि गोबी पूर्ण उपचारानंतर आणखी काही आठवडे तांब्याविना नुसते निरीक्षणाखाली राहिले, कारण पुन्हा ठिपका उठायचाच असेल, तर तो मासे मूळ टाकीत जाण्याआधी दिसावा. ७७व्या दिवशी सकाळी ते प्रवाळांत परतले. गोबी सर्वांत आधी सोडला, त्याला वाळूत जागा शोधायला वेळ लागतो. क्लाऊनफिश तासाभराने.

उपचाराची टाकी, एल्बो, जाळी, बादल्या धुऊन गच्चीवर उन्हात उलट्या घातल्या. पूर्ण वाळलेल्या पृष्ठभागावर कवच जगत नाही, आणि चैत्राच्या उन्हात दोन दिवस पुरतात. पुढचा मासा येईल तो आधी याच टाकीत उतरेल.